मज्जारज्जूला बाहेरून करंट, ही कल्पना आली कुठून?

फिजिओकडे कंबरेला चिकट पॅड लावून मुंग्या आणणारं मशीन बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, ते टेन्स. आता दुखणं कमी करायला ऑपरेशन न करता पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाच बाहेरून करंट द्यायचं बोललं जातं, आणि हे म्हणजे टेन्सच आहे का असं लोक विचारतात, म्हणून थोडं मागून सांगते.

दुखण्यावर विजेचा उपाय फार जुना आहे. इसवी सन 47 च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखी आणि गाउटवर (सांधे सुजून दुखण्याचा आजार) शॉक देणारा जिवंत टॉर्पेडो मासा वापरायला सांगितला होता. पण आराम का पडतो याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण यायला 1965 उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी गेट थिअरी मांडली, म्हणजे स्पर्शाच्या जाड नर्व्ह जाग्या केल्या की मज्जारज्जूत दुखण्याच्या सिग्नलची वाट अडते. लागलेली जागा आपण चोळतो ना, तसंच काहीसं. पुढे या थिअरीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, तरी माझ्या मते पुढचं सगळं तिच्यामुळेच सुरू झालं.

दोनच वर्षांत, 1967 ला, अमेरिकन न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी कॅन्सरच्या पेशंटच्या मज्जारज्जूवर ऑपरेशन करून इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारा तुकडा, बसवला. मग हे ऑपरेशन कुणाला लागू पडेल ते आधी कळावं म्हणून कातडीवरून करंट देऊन बघायला लागले, आणि काहींना तेवढ्यानेच बरं वाटायला लागलं, टेन्स पुढे आलं ते असं.

पण टेन्सचा करंट मुख्यतः कातडीजवळच्या नर्व्हवर काम करतो, आणि इम्प्लांट म्हटलं की इन्फेक्शन, वायर सरकणं, बॅटरी बदलणं हे सगळं आलंच, त्यामुळे मधला रस्ता शोधणं चालूच राहिलं. 2008 मध्ये मिलानच्या टीमने निरोगी लोकांच्या पाठीवर इलेक्ट्रोड लावून 15 मिनिटं 2.5 मिलिअँपिअर डायरेक्ट करंट (एकाच दिशेने वाहणारा) दिला, आणि मज्जारज्जूतून जाणारे सिग्नल करंट बंद झाल्यावरही काही वेळ बदललेले राहिले! 2011 ला त्यांनीच दाखवलं की दुखरा शॉक बसल्यावर आपोआप पाय मागे घेण्याचा रिफ्लेक्सही या करंटमुळे कमी होतो.

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशीनना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आर्क-ईएक्स नावाच्या बाहेरून लावायच्या मशीनला परवानगी दिली, पण ती मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर हाताची ताकद आणि स्पर्श सुधारण्यासाठी, दुखण्यासाठी नाही. दुखण्यावरचे प्रयोग अजून लहान आहेत, त्यात करंट चालू झाला की पेशंटला कातडीवर जाणवतो, त्यामुळे खोटा करंट देऊन तुलना करणंही अवघड जातं.