खार्दुंगला आणि कापराची पुरचुंडी

लडाखला निघालेल्या प्रत्येकाच्या खिशात कापराची पुरचुंडी असते. ‘हुंगला की ऑक्सिजन वाढतो’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वाढत नाही. कापूर नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. बोटाला ऑक्सिमीटर लावून हुंगून बघा, आकडा कापरामुळे चढणार नाही. मोठा श्वास घेतल्याने क्षणभर चढला, तर ते श्रेय श्वासाचं.

घाटमाथ्यावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहजवळची खार्दुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे मिरवलेला १८,३८० हा आकडाही चुकीचाच), आणि तिथे दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. दर श्वासात ऑक्सिजनही निम्माच.

यावर उपाय म्हणजे वेळ. विमानाने लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरल्यावर निदान ४८ तास आराम, दारू बंद, मगच खिंड. वर १५-२० मिनिटं पुरेत. फोटोसाठी धावू नका. असेटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) घ्यायचं तर आदल्या दिवसापासून आणि डॉक्टरांना विचारूनच, सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, की गाडी लगेच खाली वळवा.

कापूर मुलांच्या हाती तर मुळीच नको. पोटात गेला तर झटके येतात.