स्टेम सेल टोचणं वेगळं, स्टेम सेलपासून बीटा पेशी घडवणं वेगळं

शेजारच्या काकांनी परवा एक पत्रक आणून दाखवलं. वरच्या अर्ध्या भागात बातमीचं कात्रण: चीनमधल्या 25 वर्षांच्या मुलीचं इन्सुलिन सुटलं. खाली एका क्लिनिकची जाहिरात: तुमच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून तुम्हालाच टोचू, तीन सिटिंग, पैसे हप्त्यांनी. काकांना टाइप 2 मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. वर जे घडलं तेच खाली विकत मिळतंय, असा त्यांचा समज झाला. तो व्हावा अशीच तर पत्रकाची मांडणी होती.

आधी बातमीचं बघू. ती खरी आहे. मुलीला टाइप 1 होता. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. पेकिंग विद्यापीठातल्या डेंग होंगकुई यांच्या गटाने तिच्याच पेशी घेतल्या आणि रसायनं वापरून त्यांना मूळ अवस्थेत नेलं, म्हणजे जिथून कुठलीही पेशी बनू शकते तिथे. अशा मूळ पेशी म्हणजेच स्टेम सेल. मग त्या पेशींपासून प्रयोगशाळेत बीटा पेशींचे पुंजके घडवले. जून 2023 मध्ये असे सुमारे 15 लाख पुंजके तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली सोडले. अडीच महिन्यांत इन्सुलिन बंद झालं. कात्रणात एक गोष्ट मात्र नव्हती. त्या मुलीचं आधी यकृत-प्रत्यारोपण झालेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तिला चालूच होत्या. त्या नसत्या तर शरीराने नव्या पेशीही मारल्या असत्या का, याचं उत्तर तिच्या केसमधून मिळत नाही.

अमेरिकेतला एक प्रयोगही याच जातीचा. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले जीवशास्त्रज्ञ डग मेल्टन यांच्या मुलाला तान्हेपणीच टाइप 1 झाला, पुढे मुलीलाही. बेडकांवरचं काम सोडून ते बीटा पेशींच्या मागे लागले आणि 2014 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने स्टेम सेलपासून त्या मोठ्या संख्येने बनवून दाखवल्या. त्या वाटेवरूनच आलेल्या झिमिसलेसेल या उपचाराचे निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाले: पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. पेशी लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात. ही पद्धत कॅनडातल्या एडमंटनची, 2000 साली गाजलेली. तिथे पेशी मृत दात्याच्या स्वादुपिंडातून काढत, आणि दाते कधीच पुरत नाहीत. म्हणून तर प्रयोगशाळेत घडवण्याचा हा खटाटोप. झिमिसलेसेलच्या पेशीही परक्याच असतात, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या गोळ्या म्हणजे संसर्गाला उघडं दार. चाचणीत दोघांचा मृत्यू झाला, त्यातला एक मेंदूज्वराने.

आता पत्रकाचा खालचा भाग. चरबीतून, बोन मॅरोतून किंवा नाळेतून काढतात त्या बहुतेक मेझेनकायमल पेशी, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी अशा ऊतींच्या कुळातल्या. टोचल्यावर त्या बीटा पेशी होत नाहीत. त्या काही द्रव्यं सोडतात, दाह थोडा शमवतात आणि बऱ्याचशा लवकरच नाहीशा होतात. 'मेझेनकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अरनॉल्ड कॅपलन यांनीच 2017 मध्ये लिहिलं की यांना स्टेम सेल म्हणणं आता थांबवा, लोकांची दिशाभूल होते. यावर प्रामाणिक संशोधन चालू आहे, आणि काही छोट्या चाचण्यांत इन्सुलिनचे युनिट कमी झालेलेही दिसलेत. पण युनिट कमी होणं आणि नवी बीटा पेशी मिळणं यात फार अंतर आहे.

ते अंतर मोजणारी एक साधी रक्ततपासणी आहे, सी-पेप्टाइड. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात: एक इन्सुलिन, दुसरा सी-पेप्टाइड. टोचायच्या इन्सुलिनमध्ये हा दुसरा तुकडा नसतो. झिमिसलेसेलच्या रुग्णांत तो आधी सापडतच नव्हता, नंतर सापडू लागला. पेशी कामाला लागल्याचा पुरावा तो.

मी काकांना त्यांची जुनी फाइल काढायला लावली. त्यांचं सी-पेप्टाइड चांगलं होतं! टाइप 2 मध्ये बऱ्याचदा असंच असतं. इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणजे वरच्या कात्रणातला उपचारही मुळात त्यांच्यासाठी नव्हताच.

आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीतच करायचा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. काकांनी माझ्यासमोरच क्लिनिकला फोन लावला आणि चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ते डॉक्टरांना विचारून सांगते. तोवर तुम्ही टोकन अमाउंट भरून ठेवता का?"