यशोगाथा आणि कामाची गोष्ट

सार्वजनिक आरोग्याचे काम लोकांना कळावे म्हणून गोष्ट सांगावी, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. मात्र कार्यक्रमांच्या अहवालांत, संस्थांच्या वार्षिक अंकांत आणि समाजमाध्यमांवर गोष्ट म्हणून जे येते, ती बहुधा यशोगाथा असते. यशोगाथेत आणि कामाच्या गोष्टीत, म्हणजे काम प्रत्यक्षात कसे झाले हे सांगणाऱ्या गोष्टीत, एक माणूस असतो, एक अडचण असते आणि शेवटी काहीतरी सुधारलेले असते. या साम्यामुळेच एकीच्या जागी दुसरी सहज खपून जाते.

नाशिक जिल्ह्यातले एक कल्पित उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे येतात आणि बागेच्या कडेलाच मुक्काम करतात. अशा एका कुटुंबातील दहा महिन्यांच्या मुलीचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिलेला आहे. यशोगाथा सांगेल की आईच्या मनात लसीची भीती होती, आशाताईंनी चिकाटीने समजूत घातली आणि अखेर मुलीला लस मिळाली. सोबत आईच्या कडेवरच्या मुलीचा फोटो असेल.

कामाची गोष्ट लिहू लागले की आधी प्रश्न बदलतात. आईचा खरोखर नकार होता, की सत्राच्या वेळी ती डिपिंग-थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षघड द्रावणात बुडवण्याच्या आणि विरळ करण्याच्या, कामात होती आणि दिवसाची मजुरी गमावणे तिला परवडणारे नव्हते? मुलीचे माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या घरी राहिले असेल, तर आधीचे डोस कशावरून ठरवले? ही हंगामी वस्ती कोणत्या उपकेंद्राच्या यादीत होती, की कोणाच्याच नव्हती? गोवर-रुबेलाच्या कुपीत द्रावक मिसळले की ती चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली लस टाकून द्यावी लागते; म्हणून कुपी कुठे आणि किती वाजता उघडायची, आणि आसपासच्या बागांतली मुले त्याच वेळात कशी एकत्र आणायची, याचा विचार एएनएमला (उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला) आदल्या दिवशीच करावा लागतो. पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच आजारांवरची एकत्रित लस) काही लसी गोठल्या तर निकामी होतात, त्यामुळे आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट डब्यात ठेवत नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवतात आणि मगच लसीच्या डब्यात भरतात. आणि शेवटी टोळीच्या मुकादमाशी बोलून सत्र सकाळी कामावर जाण्याआधी, बागेवरच घेतले जाते. गोष्टीला खरे वळण मिळते ते इथे, आईच्या मनात नव्हे.

हा फरक केवळ लेखनशैलीचा नाही. शांतो अय्यंगार या राजकीय संवादाच्या अभ्यासकाने अमेरिकी दूरचित्रवाणीच्या बातम्यांवर केलेले प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध केले. गरिबीची बातमी एखाद्या गरीब व्यक्तीपुरती मर्यादित ठेवली, तर प्रेक्षक गरिबीची जबाबदारी त्या व्यक्तीवर टाकण्याकडे झुकतात. तीच बातमी व्यापक परिस्थितीच्या अंगाने दिली, तर समाज आणि शासन यांच्याकडे बोट दाखवले जाते, असे त्यांना आढळले. आपल्या यशोगाथा नकळत पहिल्या प्रकारात मोडतात. वाचक आईचे अज्ञान तेवढे लक्षात ठेवतो. सत्राची गैरसोयीची वेळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पुढच्या हंगामात वेळ तीच राहिली तरी कोणी विचारत नाही. मला यशोगाथेचा हा दोष सर्वांत गंभीर वाटतो.

शिवाय प्रतिबंधाच्या कामात यश म्हणजे बहुधा काहीच न घडणे असते. मुलीला गोवर झाला नाही, याचा फोटो काढता येत नाही. त्यामुळे यशोगाथांचा ओढा बऱ्या झालेल्या रुग्णांकडे राहतो, आणि याद्या अद्ययावत ठेवणे, पाण्यातील क्लोरीन तपासणे, सुटलेली मुले शोधणे ही कामे वाचकांसमोर येतच नाहीत. कामाच्या गोष्टीत त्यांना जागा मिळते, कारण तिथे पाहायचे असते ते कोणी, कधी आणि का निर्णय घेतला हे.

यशोगाथेला स्थान नाही असे मात्र नाही. क्षयरोगाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण केलेल्या माणसाचे मनोगत नव्या रुग्णाला जो धीर देते, तो कोणताही तक्ता देऊ शकत नाही. अशा वेळी तीच सांगावी, फक्त कार्यक्रम कसा चालतो याचा पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

संमतीचा प्रश्न दोन्हींत येतो, पण यशोगाथेत तो अधिक टोकदार होतो. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा संमतीशिवाय ओळख उघड करण्यास मनाई करतो; इतर आजारांतही तेवढीच काळजी घ्यायला हवी. नाव बदलून भागत नाही, कारण लहान पाड्यावर नवऱ्याचे काम आणि मुलांची संख्या एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. मजकूर छापण्यापूर्वी त्या कुटुंबाला त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा, आणि फोटो लागणारच असेल तर चेहऱ्याऐवजी सत्राच्या बदललेल्या वेळेच्या फलकाचा घ्यावा.