नाक सोडा, हिरड्या बघा

गेल्या जुलैत आमची कुत्री भुरी तीन दिवस नुसती पडून होती. खात नव्हती असं नाही, पण भाकरी-दूध अर्धं ठेवायची. हाक मारली की शेपटी हलवायची, पण उठून यायची नाही. मला वाटलं, पावसानं मरगळली असेल. नाकाला हात लावला तर ओलं, गार लागलं. ताप नाही, असं मनाशी म्हटलं आणि कामाला लागले. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नाकाकडे पाहिलंही नाही. ओठ वर उचलून हिरडी पाहिली आणि रक्त तपासायला घेतलं. निरोगी कुत्र्याच्या रक्तात एका मायक्रोलीटरला दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, असतात. भुरीच्या निघाल्या २२ हजार. गोचीडताप होता.

भुरी वाचली. पण ते तीन दिवस मला अजून टोचतात, आणि हे लिहायला बसले ते त्यामुळेच. कुत्रं पाळणारी आम्ही माणसं ज्या गोष्टींनी घाबरून रात्री-अपरात्री एकमेकांना फोन करतो, त्यातल्या बऱ्याच साध्या असतात. जिवावर बेतणाऱ्या गोष्टी मात्र फारसा आवाज न करता येतात.

आधी नाकाचंच घ्या. ते ओलं का असतं? आतल्या ग्रंथींचा पाझर आणि जिभेनं सतत चाटणं, म्हणून. झोपून उठलेल्या, उन्हात पडलेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, आणि ताप चढलेल्याचंही ओलं असू शकतं. तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही. अंगाला हात लावूनही कळत नाही, कारण कुत्र्याचं नेहमीचं तापमानच आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. आपल्या हाताला ते कायमच कोमट लागणार. खरं तापमान गुदद्वारात थर्मामीटर लावूनच समजतं. डॉक्टरांकडून एकदा शिकून घेतलं की घरीही जमतं.

गवत खाणं ही दुसरी मोठी काळजी. 'पोट बिघडलंय म्हणून उलटी काढायला गवत खातो,' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना याबद्दल विचारलं आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवत खाण्याआधी कुत्रा बहुतेक वेळा आजारी दिसतो असं सांगणारे निघाले जेमतेम ८ टक्के. खाल्ल्यावर नेहमी उलटी होते म्हणणारे २२ टक्के. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं. म्हणजे ही जुनी, रक्तातली सवय आहे. फक्त त्या गवतावर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेलं नाही ना, एवढं पाहा. बसल्या बसल्या ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकणं पाहून लोक लगेच जंताचं औषध पाजतात. त्यामागे बऱ्याचदा गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या तुंबलेल्या ग्रंथी असतात, आणि त्या दवाखान्यात दाबून मोकळ्या करता येतात. जंतांमुळे तसं होत असेल तर बहुधा विष्ठेत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. ते पट्टकृमीचे असतात, आणि हा कृमी कुत्र्याने पिसू गिळल्यामुळे पोटात जातो. अशा वेळी औषध पिसवांवरही हवं.

आता गोचीडतापाकडे येते. आपल्या हवामानात कुत्र्याच्या मालकानं एकच आजार नीट समजून घ्यायचा ठरवला, तर माझ्या मते तो हाच.

कुत्र्यावर आपल्याला दिसते ती तपकिरी गोचीड. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी टम्म, राखाडी दिसते. तिचं आयुष्य अंडं, अळी, कुमार आणि प्रौढ अशा टप्प्यांनी जातं. अंड्यातून बाहेर आल्यावर प्रत्येक टप्प्यावर ती कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि खाली पडते. प्रौढ होईपर्यंत दर वेळी भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा कुत्रा शोधते. मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर न घालता दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या कडेला, खाटेच्या सांध्यात. म्हणून नुसती अंगावरची गोचीड वेचून भागत नाही. भिंतीवर वर चढत जाणारी गोचीड दिसली, तर घरात त्यांची वस्ती झालीय असं धरून फटी साफ करा. मांजरही असेल तर फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा. परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालतं, मांजराचा मात्र जीव घेऊ शकतं.

गोचीडताप हे एकाच आजाराचं नाव नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट पाडतो आणि मग नाकातून रक्त, कातडीवर ठिपके असं सुरू होतं. बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी लघवी कॉफीच्या रंगाची होते. यातली बबेसिया गिब्सोनाय ही जात पहिल्यांदा वर्णिली गेली ती आपल्याच देशात, १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये. दोन्हींची औषधं वेगळी. शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेलच असं नाही. रक्त तपासणं त्यासाठीच.

एर्लिकिया अल्जीरियात १९३५ साली ओळखला गेला, पण त्याची दहशत जगाला कळली ती व्हिएतनाम युद्धात, अमेरिकी सैन्याची जर्मन शेफर्ड कुत्री नाकातून रक्त वाहून मरू लागली तेव्हा. त्याचा सगळ्यात घातक गुण म्हणजे तो लपतो. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, भूक मंदावते, आणि पुष्कळदा हे आपोआप ओसरतंही. मालकाला वाटतं बरं झालं. जंतू मात्र महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं शरीरात दबून बसतो. पुढे काही कुत्र्यांची अस्थिमज्जाच, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गर, थकते, आणि त्या अवस्थेत उपचार फार अवघड होतात. सुरुवातीला पकडला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधानं बरा होतो. दोन-तीन दिवसांतच कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. कृपा करून थांबवू नका. सहसा चार आठवड्यांचा डोस असतो, तो पुरा करायचा. आणि माणसाची तापाची गोळी तर नकोच. आयबुप्रोफेननं पोटात व्रण पडून रक्तस्राव होतो, पॅरासिटामॉल यकृताला बाधतं.

(कोकणातल्या ओळखीच्यांचा नेहमी प्रश्न असतो, की माणसांना होणारा माकडतापही गोचिडीनंच येतो ना? हो, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात तो २०१६ पासून आहे. पण तो पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची.)

आता हिरड्या. कुत्रं निरोगी असताना, आठवड्यातून एकदा ओठ वर करून बघा. गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्यात खालच्या पापणीची आतली बाजू पाहायची. नेहमीचा रंग डोळ्यात बसला की फिका, पिवळा किंवा निळसर रंग लगेच खटकतो. भुरीचा नेहमीचा रंग मला तेव्हा माहीतच नव्हता. मी फक्त नाक चाचपत बसले.

नसबंदी न केलेल्या मादीच्या मालकांनी आणखी एक लक्षात ठेवा. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही. वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

वागण्याच्या तक्रारीही याच चालीनं जातात. चप्पल फाडून ठेवल्यावर कुत्रं मान खाली घालतं, नजर चुकवतं, आणि आपण म्हणतो, बघा, याला चूक कळलीय. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, काहीही न केलेल्या कुत्र्यांनीही मालक रागावल्यावर तोच चेहरा केला. ती आपल्या रागाची भीती असते. तासाभरानं ओरडून त्याला चपलेचा संबंध लागत नाही, आपली धास्ती तेवढी बसते. दिवाळीत फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्याला 'लाड केले तर आणखी घाबरट होईल' म्हणून दूर लोटू नका. भीती ही भावना आहे, जवळ घेतल्यानं ती बक्षीस मिळाल्यासारखी वाढत नाही. आतली खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा आणि शेजारी आपण, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. फारच त्रास होत असेल तर औषधं आहेत, पण त्यासाठी डॉक्टरांना दिवाळीच्या काही आठवडे आधी भेटावं लागतं.

आणि वर्षानुवर्षं गरीब असलेलं कुत्रं एकाएकी अंगाला हात लावू देईना, गुरगुरायला लागलं, तर आधी दुखणं शोधा. कान, दात, कंबर, सांधे. स्वभाव बिघडला म्हणून मारण्यानं दुखणं दुप्पट होतं.

लस न दिलेलं कुत्रं असं बदललं तर मात्र पहिला विचार रेबीजचा करायचा. पाणी पितंय म्हणजे रेबीज नाही, या समजुतीवर विसंबू नका. पाण्याची ती भीती माणसात दिसते, कुत्र्यात नाही. शिवाय रेबीजचं प्रत्येक कुत्रं पिसाळून धावतही नाही. एक प्रकार अगदी गुमसुम असतो: कोपऱ्यात बसणं, आवाज बदलणं, खालचा जबडा लोंबणं, लाळ गळणं. घशात हाड अडकलंय असं वाटून माणसं प्रेमानं त्या तोंडात हात घालतात. अशा वेळी ओठ उचलून हिरड्याही बघायच्या नाहीत. कुत्र्याला वेगळं ठेवा, पशुवैद्यांना बोलवा. दात किंवा लाळ लागलीच असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनासाठी सरकारी दवाखाना गाठा.