नवा लॅपटॉप आठ तास चार्ज करणे आवश्यक नाही

घरून काम करण्यासाठी नवा लॅपटॉप घेतला की एक जुना संदेश हमखास येतो: ‘पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करा आणि पुढे बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.’

हा सल्ला निराधार नव्हता. जुन्या उपकरणांतील निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वारंवार अर्धवट उतरवून चार्ज केल्यास त्यांची उपयोगी क्षमता घटल्यासारखी होई, त्यामुळे त्या अधूनमधून पूर्ण उतरवणे योग्यच होते. परंतु लिथियम-आयन बॅटऱ्या 1991 मध्ये बाजारात आल्या आणि आजचे लॅपटॉप व मोबाइल त्यांच्यावरच चालतात. त्यांत हा दोष जवळजवळ नसतो. शिवाय बॅटरी भरताच आतील सर्किट चार्जिंग थांबवते, म्हणून उरलेल्या तासांत काहीच साधत नाही. उलट दररोज शून्यापर्यंत उतरवल्याने तिची झीज वाढते. खरा शत्रू उष्णता आहे: गादीवर ठेवून तासन्‌तास चालवलेला, सतत शंभर टक्क्यांवर असलेला लॅपटॉप लवकर थकतो.

पडताळणी घरीच करता येते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. दर महिन्याला त्यांची नोंद ठेवावी. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोयही असते. दिवसभर प्लगला जोडून काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीला मात्र खोलवर उतरणे अधिकच हानिकारक असते. तिथे हा संदेश अजिबात लागू करू नये.