कोळंबीच्या तळ्यातील जिवाणू: पार्श्वभूमी

सीमाभागात आपण जिला सुंगटं म्हणतो, ती कोळंबी बेळगावच्या बाजारात कारवार आणि गोव्याकडून घाट चढून येते. बेळगावला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी, बांध घालून राखलेली खारी जमीन आहे. तिला गजनी म्हणतात. पावसाळ्यात तिथे खारे पाणी सोसणारे कग्गा जातीचे भात पिकते आणि कापणीनंतर भरतीबरोबर आत शिरलेली पिल्ले त्याच वाफ्यांत वाढतात. पाण्यात राहिलेली धसकटे जिवाणू कुजवतात, त्या जिवाणूंवर सूक्ष्म जीव जगतात आणि त्यांच्यावर कोळंबी पोसते. तळ्यातील जिवाणूंचा विचार रोगापासून सुरू करण्याची सवय मला म्हणूनच अपुरी वाटते.

कोळंबीच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. तळाशी मात्र प्राणवायू संपला की वेगळ्याच जिवाणूंचे राज्य सुरू होते: समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि काठीने गाळ ढवळला की काळा चिखल सडक्या अंड्यासारखा वास मारतो.

व्हिब्रिओ या जिवाणूंच्या प्रजातीतील, खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका जातीकडे लक्ष वेधले ते 1950 मध्ये. ओसाका परिसरात अर्धवट सुकवलेली लहान मासळी खाऊन 272 जण आजारी पडले आणि 20 दगावले. त्यातून त्सुनेसाबुरो फुजिनो यांना व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस सापडला. पुढे 1973 मध्ये कानेको आणि रीटा कोलवेल यांनी अमेरिकेतील चेसापीक उपसागरात दाखवले की हा जिवाणू हिवाळा गाळात काढतो आणि पाणी उबदार झाले की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवक जिवांना चिकटून वर येतो. कोळंबीचे कवच ज्या कायटिनचे असते, तेच त्याचे अन्न. खारे, उबदार, कवचांनी भरलेले तळे हे त्याचे घरच होय.

1990 च्या दशकात भारताच्या किनाऱ्यावर वाघी कोळंबीची दाट लागवड वाढली, तेव्हा हे घर गजबजले. व्हिब्रिओ हार्वेयी या जिवाणूने ग्रासलेली पिल्ले अंधारात निळसर चमकतात. इंद्राणी करुणासागर आणि त्यांच्या मंगळूरच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये नोंदवले की बीजकेंद्रातील पिल्ले मारणाऱ्या या जिवाणूला प्रतिजैविकांचीही पर्वा उरली नव्हती. त्याच सुमारास आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा होता, त्यावर प्रतिजैविके मुळातच निरुपयोगी. तरी ती तळ्यांत ओतली गेली, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी तळ्यांवर निर्बंध घातले, 2005 मध्ये किनारी मत्स्यपालन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि 2009 मध्ये वनामी या परदेशी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली.

त्याच वर्षी चीनमध्ये पिल्ले लागवडीनंतर महिनाभरातच मरू लागली. 2013 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने त्याचे कारण सांगितले: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच. पिल्लांना मारणाऱ्या त्याच्या विषाची जनुके प्लाझमिडवर, म्हणजे जिवाणूकडून जिवाणूकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या लहान कड्यावर, असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

आता तळ्याच्या पाण्याचा थेंब टीसीबीएस थाळीवर, म्हणजे व्हिब्रिओ वाढवून ओळखण्यासाठीच्या खास थाळीवर, पसरून दुसऱ्या दिवशी हिरवे आणि पिवळे ठिपके मोजतात; पॅराहिमोलिटिकस हिरवा उमटतो. काही ठिकाणी, आपल्या साखर कारखान्यांतून निघते तशी उसाची मळी पाण्यात मिसळतात, कारण कर्ब मिळाला की निरुपद्रवी जिवाणू अमोनिया शोषून वाढतात आणि त्यांचे पुंजके कोळंबी खाते.