फेंटानिल : समज, गैरसमज आणि अमेरिकेतील अतिमात्रेची साथ

फेंटानिल हे प्रयोगशाळेत तयार होणारे तीव्र वेदनाशामक औषध आहे. त्याचे गुणधर्म अफूसारखे असले, तरी ते अफूपासून काढलेले नसते. बेल्जियमचे औषधशास्त्रज्ञ पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास ते प्रथम बनवले आणि १९६८ मध्ये अमेरिकेत त्याच्या वैद्यकीय वापराला मान्यता मिळाली. मॉर्फिनच्या ५० ते १०० पट प्रभावी असल्यामुळे त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना आणि कर्करोगाच्या असह्य वेदनांवर ते जगभर वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. वर्तमानपत्रांत मात्र हे नाव गेले दशकभर येत आहे ते उत्तर अमेरिकेत चोरून विकल्या जाणाऱ्या भुकटीने आणि बनावट गोळ्यांनी घेतलेल्या बळींमुळे. प्रस्तुत नोंदीत त्या साथीचा व तिच्यावरील धोरणांचा परामर्श घेतला असून फेंटानिलविषयीच्या गैरसमजांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण या गैरसमजांपायी मदत उशिरा पोहोचते आणि अतिमात्रेत उशिराचा अर्थ मृत्यू असा होतो.

अतिमात्रा झाली म्हणजे शरीरात काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रातून सुटते. फेंटानिल मेंदूतील ओपिऑइड ग्राहींना, म्हणजे अफूसारखी औषधे पेशींवर जिथे बसतात त्या जागांना चिकटले, की वेदनेबरोबर ही आज्ञाही क्षीण होते. श्वास मंदावत जातो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, ओठ व नखे निळी किंवा राखाडी पडतात आणि माणूस हाकेला ओ देत नाही. घशातून घरघर येत असते. शेजारच्या खोलीतल्या घरच्यांना ती घोरण्यासारखी वाटते, झोपू द्या त्याला, असे म्हणून ते दार ओढून घेतात आणि सकाळी उशीर झालेला असतो. हृदय बंद पडते ते नंतर. आधी श्वास थांबतो. म्हणूनच कोणी वेळेवर तोंडाने श्वास दिला किंवा नॅलोक्सोन हे उतारा-औषध दिले, तर यातली बहुतेक माणसे वाचू शकतात.

अमेरिकेतील साथ फेंटानिलने सुरू झाली नाही. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिची सवय लागण्याचा धोका अल्प असल्याचे डॉक्टरांच्या मनावर बिंबवले. या दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि २०२० मध्ये आणखी काही गुन्ह्यांचीही कबुली दिली. तोवर कंबरदुखी, दाढदुखी, गुडघेदुखी यांसाठी लिहून दिलेल्या गोळ्यांनी लाखो लोकांना सवय जडली होती. मग औषधचिठ्ठ्यांवर निर्बंध आले. २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज कुटता येऊ नये अशा स्वरूपात आली. सवय जडलेल्यांना उपचार मात्र मिळाले नाहीत, आणि त्यांतले अनेक जण हेरॉइनकडे वळले. २०१३ पासून हेरॉइनमध्ये चोरटे फेंटानिल मिसळले जाऊ लागले आणि काही वर्षांत त्याने हेरॉइनची जागाच घेतली. या तीन लाटांत, १९९९ ते २०२३ या काळात, ओपिऑइडच्या अतिमात्रेने अमेरिकेत सुमारे ८ लाख माणसे दगावली. सर्व प्रकारच्या अमली पदार्थांच्या अतिमात्रेचे बळी २०१९ मध्ये सुमारे ७१ हजार होते. २०२२ मध्ये ते १ लाख ८ हजारांच्या घरात गेले. २०२३ च्या उत्तरार्धापासून आकडा उतरू लागला आणि २०२४ मध्ये तो ८० हजारांच्या आसपास आला. या घसरणीचा वाटा सर्वांना सारखा मिळालेला नाही: मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय समाजांतील मृत्यूंचे प्रमाण अजूनही गोऱ्यांपेक्षा जास्त आहे.

फेंटानिलने हेरॉइनला हटवले ते गिऱ्हाइकांना ते अधिक आवडले म्हणून नव्हे. अफूला शेत लागते, हंगाम लागतो, मजूर लागतात. फेंटानिलला रसायने आणि एक खोली पुरते. शिवाय तेवढ्याच नशेचा माल वजनाने इतका कमी भरतो, की तो लपवणे सोपे जाते. बंदी जितकी कडक तितका माल अधिक तीव्र होत जातो, या निरीक्षणाला अमेरिकी कार्यकर्ते रिचर्ड कोवन यांनी १९८६ मध्ये ‘बंदीचा पोलादी नियम’ असे नाव दिले. दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारू पुढे आली, तसेच इथे घडले. चीनने मे २०१९ मध्ये फेंटानिलवर्गातील सर्व पदार्थ नियंत्रणाखाली आणले, तेव्हा व्यापार थांबला नाही. चीनमधून कच्ची रसायने जाऊ लागली आणि मेक्सिकोतील सिनालोआ व हालिस्को टोळ्या त्यांपासून फेंटानिल बनवू लागल्या. हा माल स्थलांतरित लोक पाठीवर वाहून आणतात, हा समज राजकीय सभांतून वारंवार मांडला गेला आहे. प्रत्यक्षात जप्त झालेले बहुतांश फेंटानिल अधिकृत सीमानाक्यांवर वाहनांत दडवलेले सापडते, आणि फेंटानिलच्या तस्करीत शिक्षा झालेल्यांत फार मोठी बहुसंख्या अमेरिकी नागरिकांची आहे. २०२५ मध्ये कॅनडावर आयातशुल्क लादताना फेंटानिलचे कारण पुढे केले गेले. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॅनडाच्या सीमेवर पकडलेला माल सुमारे २० किलो होता, तर मेक्सिकोच्या सीमेवर पकडलेला ९,५०० किलोंहून अधिक.

चोरट्या मालाचा खरा धोका त्याच्या असमान मिश्रणात आहे. कणकेत मीठ नीट न मिसळता पोळ्या लाटल्या, तर एक अळणी निघते आणि दुसरी तोंडात धरवत नाही. एकाच पिशवीतील निळ्या, ‘एम ३०’ असा छाप असलेल्या बनावट गोळ्यांचे तसेच असते. २ मिलिग्रॅम ही संभाव्य प्राणघातक मात्रा धरून अमेरिकेच्या अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाने, म्हणजे डीईएने, २०२४ मध्ये पकडलेल्या गोळ्या तपासल्या, तेव्हा १० पैकी ५ गोळ्यांत तेवढे किंवा त्याहून अधिक फेंटानिल निघाले. हा आकडाही सर्वांना सारखा लागू होत नाही. रोजच्या सवयीचा माणूस ज्या मात्रेत शुद्धीवर राहतो, त्याच मात्रेत पहिल्यांदा गोळी घेणारा विद्यार्थी मरतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेला माणूसही मरतो, कारण त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते आणि हाताला मात्र जुनी मात्राच आठवते. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांच्या पाहणीत सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट आढळला होता.

फेंटानिलला नुसता हात लागला तरी माणूस कोसळतो, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. डीईएने २०१६ मध्ये पोलिसांसाठी चित्रफीत काढून तसा इशारा दिला, आणि पुढे भुकटीजवळ गेल्यावर भोवळ येऊन पडलेल्या पोलिसांच्या बातम्या देशभरातून येऊ लागल्या. सॅन डिएगो परगण्याच्या शेरीफ कार्यालयाने २०२१ मध्ये प्रसृत केलेली अशीच एक चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. विषशास्त्रज्ञांनी घेतलेली हरकत त्यामानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील वैद्यकीय व चिकित्सा-विषशास्त्रज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०१७ मध्येच संयुक्त निवेदनात स्पष्ट केले होते, की मदतीला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना असा अपघाती संपर्क बाधण्याचा धोका अत्यंत कमी आहे. त्यांचा हिशेब असा होता: त्वचेतून औषध जावे म्हणून मुद्दाम बनवलेल्या पट्ट्यांनी दोन्ही तळहात पूर्ण झाकले, तरी १०० मायक्रोग्रॅम एवढी साधी उपचाराची मात्रा शरीरात जायला सुमारे १४ मिनिटे लागतील, कोरडी भुकटी तर त्वचेतून याहून कितीतरी सावकाश जाते. फेंटानिल बनवणाऱ्या कारखान्यांच्या हवेत आढळलेल्या सर्वाधिक प्रमाणातही तेवढीच मात्रा श्वासावाटे जायला २०० मिनिटे लागतील. हात साबणपाण्याने धुणे पुरेसे असते. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर मात्र वापरू नये असा सल्ला दिला जातो.

हे समजायला लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ सकाळपासून फेंटानिलच्या काचेच्या कुप्या फोडत असतात. दोन मिलिलिटरची कुपी, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम. कुपीची मान मोडताना कधी एखादा थेंब बोटावर येतो, तो पुसून पुढचे काम सुरू होते, आणि त्यामुळे भूलतज्ज्ञ टेबलाशेजारी कोसळत नाहीत. चित्रफितींतील पोलिसांची लक्षणेही अतिमात्रेशी जुळत नाहीत. छातीत धडधड, जलद श्वास, घाम, हातापायांना मुंग्या, आपण मरणार ही भावना, ही सारी तीव्र भीतीची लक्षणे आहेत. फेंटानिलने श्वास मंद होतो, जलद नव्हे. त्या पोलिसांनी सोंग केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना झालेला त्रास खरा होता, परंतु तो भुकटीने नव्हे, भुकटीविषयी जे शिकवले गेले त्याने झाला होता.

मॉस्कोतील २००२ च्या नाट्यगृह ओलीसकांडाचा दाखला या संदर्भात पुष्कळदा दिला जातो. रशियन सुरक्षादलांनी फेंटानिलवर्गातील पदार्थांचा फवारा बंद इमारतीत सोडला आणि त्यात १२० हून अधिक ओलीस मरण पावले, हे खरे आहे. पण तो प्रसंग यंत्रणेने हवेत मुद्दाम पसरवलेल्या सूक्ष्म तुषारांचा होता. गाडीच्या डिकीत सांडलेल्या भुकटीशी त्याची तुलना होत नाही.

स्पर्शाच्या भीतीचे परिणाम गंभीर आहेत. बेशुद्ध माणसाजवळ पोहोचलेला कर्मचारी हातमोजे, मुखपट्टी, विशेष पथक यांची वाट पाहत थांबला, तर ती मिनिटे त्या माणसाच्या मेंदूतून वजा होतात. हाच समज आता कायद्यातही उतरला आहे: फ्लोरिडात २०२४ मध्ये मदतीला आलेल्या कर्मचाऱ्याला फेंटानिलची बाधा पोहोचवणे हा गंभीर गुन्हा ठरला. मग मित्र निपचित पडलेला दिसल्यावर फोन कोण करणार? फोन करणाऱ्यालाच अटक होऊ नये म्हणून न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये पहिला संरक्षक कायदा केला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तो उचलला. अशा नव्या तरतुदी तो विश्वास पुन्हा खच्ची करतात.

नॅलोक्सोन हे उतारा-औषध १९७१ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. ते फेंटानिलला ग्राहींवरून हुसकावून लावते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो; ज्याने ओपिऑइड घेतलेले नाही त्याला ते दिले तरी अपाय होत नाही. शिकागो रिकव्हरी अलायन्स या संस्थेने १९९६ पासून ते थेट व्यसनी लोकांच्या हाती द्यायला सुरुवात केली, आणि मार्च २०२३ मध्ये नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. फेंटानिलवर नॅलोक्सोन चालत नाही, अधिक तीव्र मात्रा हवी, असे म्हटले जाते. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांनी वापरलेल्या ८ मिलिग्रॅम व ४ मिलिग्रॅम फवाऱ्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जगण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच होते. ८ मिलिग्रॅमवाल्यांना उलट्यांचा व नशा एकदम तुटल्याचा त्रास मात्र अधिक झाला. झायलाझिन हे जनावरांचे गुंगीचे औषध मिसळलेले असेल, तर श्वास परतल्यावरही माणूस लगेच जागा होत नाही, आणि फवारा निष्फळ ठरला असे वाटून एकावर एक फवारे मारले जातात. पाहायचा असतो तो श्वास, जाग नव्हे.

धोरणांच्या बाबतीत सर्वाधिक वाद पोर्तुगाल आणि अमेरिकेतील ऑरेगन राज्य यांच्यावरून होतो. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराएवढा साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. अशा व्यक्तीला तीनसदस्यीय समितीपुढे बोलावले जाते आणि गरजेप्रमाणे उपचाराकडे वळवले जाते. त्याच वेळी उपचारांचे जाळे देशभर वाढवल्यामुळे सुयांवाटे होणारा एचआयव्हीचा संसर्ग आणि अतिमात्रेचे मृत्यू दोन्ही घटले. ऑरेगनने २०२० च्या सार्वमतानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये केवळ पहिला अर्धा भाग उचलला. शंभर डॉलरच्या दंडाची पावती, आणि ती माफ करून घ्यायला एक दूरध्वनी क्रमांक. बहुतेकांनी फोन केला नाही आणि उपचारांचा निधीही फार रेंगाळला. नेमक्या त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल पोहोचले. मृत्यू वाढले, लोक संतापले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. मृत्यूंची वाढ कायद्याने झाली की फेंटानिलने, यावर संशोधकांत मतभेद झाले. फेंटानिलच्या आगमनाचा काळ हिशेबात धरणाऱ्या अभ्यासाला कायद्याचा दोष आढळला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ऑरेगनची चूक शिक्षा काढण्यात नव्हती. शिक्षेच्या जागी काही उभे न करण्यात होती.

ज्या उपायांचा पुरावा भक्कम आहे, त्यांची चर्चा सर्वांत कमी होते. व्यसनावरील उपचारात दिल्या जाणाऱ्या मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनी मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास येतो. फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या कुटुंबवैद्यांना ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्याची मुभा दिली आणि चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले. अमेरिकेत त्यासाठी लागणारा विशेष परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द झाला.

भारतात फेंटानिलविषयीच्या भीतीची दुसरी बाजू दिसते. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत तळमळत गेले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ म्हणून सुलभ झाली. घरी आणलेल्या रुग्णाच्या पाठीवर किंवा दंडावर मुलगा अथवा सून फेंटानिलची पट्टी लावते आणि ७२ तासांनी बदलते. लावताना बोट लागले म्हणून घाबरण्याचे कारण नसते, पण पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध वेगाने शोषले जाते. वापरलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध शिल्लक असते. ती लहान मुलाने अंगाला चिकटवली किंवा तोंडात घातली तर जीव जाऊ शकतो, म्हणून काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन लगेच दुमडावी आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा रीतीने तिची विल्हेवाट लावावी.